रेव्हरंड टिळक : सोबतीच्या माणसांनी घडवलेला कवी

राहुरी आणि नगरशी नातं असलेल्या ना. वा. टिळकांची कहाणी

शाळेत मराठीच्या पुस्तकात शिकाऱ्याने जखमी केलेल्या पक्षिणीची कविता अनेकांनी पाठ केली असेल. पिलांच्या काळजीने घरट्याकडे निघालेली ती पक्षीण अजूनही कित्येकांच्या लक्षात आहे. 'केवढे हे क्रौर्य!' या नावाची ही कविता लिहिणारे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांची ओळख. मात्र हा माणूस आपल्या जिल्ह्यात राहिला, राहुरीत त्याचा संसार पुन्हा उभा राहिला आणि नगरमध्ये त्याच्या आयुष्याची बरीच वर्षे गेली, हे नव्या पिढीतल्या फार कमी जणांना माहीत आहे.

नाव ऐकलं की पुष्कळ जण लोकमान्य टिळकांशी गल्लत करतात. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातल्या चित्पावन घराण्यांतले आणि दोघांचा काळही जवळपास एकच. पण माणसं वेगळी आणि वाटाही वेगळ्या. नारायण वामन टिळकांनी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी एका ब्राह्मणाने असं पाऊल उचलणं म्हणजे घरदार, जात, नातीगोती, नोकरी सगळ्यावर पाणी सोडणं होतं. अशा वेळी माणूस एकटा पडला तर मोडून जातो. टिळक मोडले नाहीत, कारण वेगवेगळ्या वळणांवर कोणी ना कोणी त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. पुढे तेच काम त्यांनी दुसऱ्यांसाठी केलं.

आईची माया, शास्त्रीबुवांची विद्या

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी दापोली तालुक्यातल्या करजगावात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कडक. आई जानकीबाई भाविक होती, तिला कवितेची, भजनाची आवड होती. नारायणाचा सगळा ओढा आईकडे. पोर लहान असतानाच आई गेली आणि घरातला ओलावा संपला. बाप-लेकाचं पटेना. शेवटी पोरगं घर सोडून नाशिकला आलं.

गोदाकाठच्या नाशिकला तेव्हाही विद्येचं मोठं केंद्र मानत. तिथं गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांना संस्कृतचं शिक्षण मिळालं. लेलेशास्त्री मोठे विद्वान होते. काव्य कसं वाचावं, शब्द कसा तोलावा, हे टिळक तिथं शिकले. इंग्रजी शाळेतही ते थोडा काळ गेले. पण पोट भरायची चिंता असल्याने शिक्षण अर्धवट राहिलं. पुढे आयुष्यभर जी भाषा त्यांच्या कामी आली, तिचा पाया मात्र या शास्त्रीबुवांकडे घातला गेला. टिळक पुढे ख्रिस्ती झाले, तरी ही शिदोरी त्यांनी कधी टाकून दिली नाही.

नाशिकजवळच्या जलालपूर गावच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचं लग्न झालं. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं गेलं. याच पुढच्या लक्ष्मीबाई टिळक. लग्नाच्या वेळी मुलगी अकरा-बारा वर्षांची आणि माहेर अतिशय सोवळ्याचं. वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की घरातल्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. अशा घरातून आलेली ही मुलगी पुढे काय करून दाखवील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

एका जागी पाय न ठरणारा माणूस

टिळक हुशार होते, पण धरसोड फार. आज या गावी शिक्षक, तर उद्या त्या गावी कीर्तनकार. मनात आलं की उठून चालू लागायचे. घरी बायको एकटी आणि हातात पैसा नाही, हा प्रसंग वरचेवर यायचा. हातात पैसे आले तर गरजू दिसेल त्याला देऊन मोकळे व्हायचे. लक्ष्मीबाईंनी हे सगळं पुढे न लपवता, हसत हसत लिहून ठेवलंय.

भटकत भटकत ते नागपूरला पोचले. तिथल्या अप्पासाहेब बुटी या श्रीमंत आणि विद्याप्रेमी गृहस्थांनी त्यांना आश्रय दिला. संस्कृत ग्रंथांचं काम सोपवलं. याच काळात टिळकांनी 'ऋषी' नावाचं मासिकही चालवलं. पण डोक्यातले प्रश्न थांबत नव्हते. माणसामाणसांत एवढा भेद का, जातीच्या भिंती देवाने घातल्या की माणसाने, देशाचं भलं व्हायचं तर धर्म कसा असावा, या विचारांनी ते अस्वस्थ असायचे.

१८९३ साली नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. ओळख ना पाळख, तरी दोघांच्या गप्पा रंगल्या. कवितेवर बोलणं झालं, मग धर्मावर. उतरताना त्या गृहस्थांनी त्यांना बायबलमधल्या नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना ते काही पटलं नाही. पण पुस्तक वाचायचा शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला.

वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच अडकले. शत्रूवरही प्रेम करावं, दीनदुबळ्यांना धन्य म्हणावं, हे त्यांच्या मनाला भिडलं. पुढे त्यांनी बाबा पद्मनजींची पुस्तकं वाचली. बाबा पद्मनजी हे मराठीतली सुरुवातीची कादंबरी मानल्या जाणाऱ्या 'यमुनापर्यटन'चे लेखक. ते १८५४ साली, म्हणजे टिळकांच्या चाळीस वर्षं आधी ख्रिस्ती झालेले. आपल्यासारखाच एक मराठी माणूस या वाटेने आधी गेलाय, त्यानेही हेच प्रश्न सोसलेत, हे कळल्यावर माणसाला धीर येतो.

मुंबईचा हात आणि घरचा दुरावा

मन तयार झालं तरी पाऊल उचलायला पाय धजत नव्हते. टिळकांनी ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार सुरू केला, पण सुरुवातीला नाव न सांगता. कळलं तर काय होईल याची धास्ती होतीच. या काळात मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांचा त्यांना आधार मिळाला. अ‍ॅबट हे मराठी चांगलं जाणणारे. याच माणसाने पुढे आपल्या मराठी संतांची चरित्रं आणि अभंग इंग्रजीत नेले. तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई यांची ओळख परदेशातल्या वाचकांना करून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. संतवाङ्मयावर जीव असलेल्या टिळकांना असा माणूस भेटणं ही मोठीच गोष्ट होती.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नव्हे, तर रेव्हरंड तुकारामजी नथोजी या मराठी पाळकाच्या हातून झाला. आपण ख्रिस्ती झालो म्हणजे परके झालो नाही, हे टिळकांना पहिल्या दिवसापासून दाखवून द्यायचं होतं.

बातमी घरी पोचली आणि आकाश कोसळलं. लक्ष्मीबाईंची अवस्था काय झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणीही चालत नाही. पदरात लहानगा दत्तू. बहीण आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्याकडे पंढरपूरला नेलं. नातेवाइकांच्या दृष्टीने टिळक संपले होते.

टिळकांना संसार मोडायचा नव्हता. ते पत्रं लिहीत राहिले, कविता पाठवत राहिले, वाट पाहत राहिले. पण बायको-पोराविना गेलेले ते दिवस फार कठीण होते. जुने मित्र तुटलेले, नव्या समाजात अजून रुळायचं बाकी. तिथंही सगळं गोड होतं असं नाही. उच्च जातीतून आलेल्या माणसाकडे काही जण कौतुकाने पाहायचे, काही संशयाने. टिळकांचा तापट स्वभाव आणि स्पष्ट बोलणं सगळ्यांना झेपायचं नाही.

नगरमध्ये भेटलेले वडीलधारे

अशा अवस्थेत टिळक अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आले. इथं त्यांना डॉ. रॉबर्ट ह्यूम भेटले. ह्यूम साहेबांचा जन्मच मुंबईचा, १८४७ सालचा. आईवडीलही मिशनरी. शिक्षण अमेरिकेत झालं आणि १८७४ पासून त्यांनी नगरमध्ये काम केलं. ख्रिस्ती पाळक तयार करणारी धर्मशिक्षणाची शाळा त्यांनी इथं १८७८ साली सुरू केली. दुष्काळात त्यांनी केलेल्या मदतकार्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं होतं.

ह्यूम टिळकांपेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठे. त्यांनी या चंचल कवीला आपल्या शाळेत घेतलं, शिकवलं आणि शिकवायलाही लावलं. ह्यूम यांचा एक विचार त्या काळाच्या मानाने पुढचा होता. हिंदू धर्मात जे चांगलं आहे त्याचा आदर राखूनच आपली श्रद्धा सांगितली पाहिजे, असं ते मानत. त्यामुळे त्यांच्या हाताखाली टिळकांना आपलं मराठीपण पुसून टाकावं लागलं नाही. दुसऱ्या एखाद्या हेकट माणसाच्या हाताखाली पडले असते, तर टिळकांसारखा माणूस वर्षभरही टिकला नसता.

वाढत्या रोपाला काठीचा आधार द्यायचा, पण दोरी इतकी आवळायची नाही की खोडाला काच पडावा, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. टिळकांच्या बाबतीत ह्यूम यांनी तेच केलं.

टिळकांनी काय केलं, तर चर्चमध्ये कीर्तन आणलं. टाळ, मृदंग, पेटी आणली. तोवर मराठी ख्रिस्ती मंडळी बहुतेक करून इंग्रजी चालीवरची भाषांतरित गाणी म्हणायची. शब्द मराठी, पण सूर परका. खेड्यातल्या माणसाला ते आपलं वाटायचं नाही. टिळकांनी ओवी, अभंग, पद, आरती या आपल्या ओळखीच्या घाटात येशूची गाणी रचली. आजही मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक वापरलं जातं आणि त्यात टिळकांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे.

मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडायचे, हेही खरं. परदेशी साहेबाने मालकासारखं वागावं आणि देशी माणसाने नोकरासारखं, हे टिळकांना मान्य नव्हतं. तसं ते उघड बोलायचे, लिहायचे. पण मतभेद झाले म्हणून नातं तोडलं नाही. ह्यूम आणि अ‍ॅबट यांच्याबद्दल टिळकांच्या मनात कायम आदर राहिला आणि मिशननेही त्यांच्यावर मोठ्या जबाबदाऱ्या सोपवल्या. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून शेवटपर्यंत ते 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादक होते. हे पत्र १८४२ साली आपल्या नगरमध्येच सुरू झालेलं.

राहुरीत पुन्हा मांडलेला संसार

जवळपास पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई टिळकांकडे राहायला आल्या. पण धर्म बदलायला नव्हे. आपलं सोवळं आपण पाळणार, स्वयंपाक वेगळा करणार, या बोलीवर. टिळकांनी ते मान्य केलं. त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. एका घरात दोन धर्म, दोन चुली. त्या काळी असं घर शोधून सापडलं नसतं.

या काळात कुटुंबाचा मुक्काम राहुरीला होता. तिथं डॉ. बॅलंटाइन हे मिशनचे डॉक्टर काम करत. आजूबाजूच्या गावांतले रोगी त्यांच्याकडे यायचे. हा १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाचा काळ. जुन्या माणसांच्या तोंडी छप्पनचा दुष्काळ म्हणून जो यायचा, तोच हा. जनावरं मेली, माणसं देशोधडीला लागली, पोरं अनाथ झाली. नगर जिल्ह्यात मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला. लक्ष्मीबाई हे सगळं डोळ्यांनी पाहत होत्या. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायचा असं माहेरी शिकवलेलं, त्याच जातींतल्या पोरांना माणसं उचलून छातीशी धरत होती.

लक्ष्मीबाईंचं मन असं हळूहळू, त्यांच्याच गतीने बदललं. जात देवाने केली असती तर त्याने माणसांत तशी खूण ठेवली असती, मग ती दिसत का नाही, असा साधा सरळ विचार त्यांनी केला. आधी पाण्याचं बंधन सुटलं, मग जेवणाचं. १९०० साली त्यांनी राहुरीत बाप्तिस्मा घेतला. वाद घालून त्यांना कोणी जिंकलं नाही. आजूबाजूच्या माणसांचं रोजचं वागणं पाहून त्यांनी स्वतः ठरवलं.

पुढे प्लेगच्या साथीत याच लक्ष्मीबाईंनी रोग्यांची सेवा केली. अनाथ मुलांना घरात घेतलं. ज्या बाईला कोणाचा स्पर्श झाला तर आंघोळ करावी लागायची, ती आता परक्यांच्या जखमा धूत होती. टिळकांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सोबती कोण, तर ही बाई. नवरा ढगात असला की तिने त्याला जमिनीवर आणायचं आणि नवरा खचला की तिने घर सावरायचं. टिळकांनी तिला लिहा-वाचायला शिकवलं, कवितेची गोडी लावली. जुजबी अक्षरओळख असलेली ही बाई पुढे मराठीतली मोठी लेखिका झाली.

तुकोबांचा हात सोडला नाही

टिळकांचे गुरू कोण, असं विचारलं तर एक नाव राहून चालत नाही. ते म्हणजे देहूचे तुकाराम महाराज. टिळक स्वतः सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. धर्म बदलल्यावर जुनं सगळं खोटं म्हणून झिडकारणारे पुष्कळ असतात. टिळकांनी तसं केलं नाही. ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्याकडून मिळालेली भक्ती त्यांनी जपली आणि त्याच भक्तीने ते येशूकडे पाहू लागले. त्यांची 'अभंगांजली' वाचली की हे लगेच कळतं. देव कोणता हे क्षणभर बाजूला ठेवलं तर अभंगातली तळमळ थेट वारकऱ्याची आहे.

यामुळे त्यांना दोन्हीकडून बोल ऐकावे लागले. जुन्या समाजातले म्हणायचे, बाटला. नव्या समाजातले काही म्हणायचे, याचं हिंदूपण जात नाही. टिळकांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि आपलं काम चालू ठेवलं. देशावर त्यांचं अतोनात प्रेम होतं. ख्रिस्ती माणूस देशभक्त असूच शकत नाही असा समज असलेल्या काळात त्यांनी मातृभूमीवर मनापासून कविता लिहिल्या.

बालकवींना मिळालेलं घर

ज्याला वाटेवर सावली मिळाली, त्याने पुढच्यासाठी झाड लावावं. टिळकांनी ते केलं आणि त्याचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे बालकवी.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. त्या संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने आपली कविता म्हटली आणि सगळी सभा थक्क झाली. त्याला बालकवी ही पदवी मिळाली. पोरगं मूळचं धरणगावचं, घरची परिस्थिती बेताची. टिळकांनी त्या मुलातलं सोनं ओळखलं. टाळ्या वाजवून ते थांबले नाहीत. पुढे त्याला नगरला आपल्या घरी आणून ठेवलं.

ठोमरे टिळकांच्या घरात लेकरासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईसारखी माया केली. मुलगा लहरी होता. कधी हसून घर डोक्यावर घ्यायचा, कधी रुसून कोपऱ्यात बसायचा. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवे-फुगवे सोसले. टिळकांनी त्याला कवितेत मार्ग दाखवला, पण आपल्यासारखं लिही असा आग्रह धरला नाही. बालकवींची कविता टिळकांच्या कवितेहून वेगळीच राहिली. निर्झर, फुलं, पाखरं आणि श्रावणातलं ऊन त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि महत्त्वाचं म्हणजे बालकवी हिंदूच राहिले. ख्रिस्ती पाळकाच्या घरात राहिलेल्या, त्यांच्या ताटात जेवलेल्या मुलाला धर्म बदलायची अट कोणी घातली नाही. स्वतःच्या बायकोवर ज्याने जबरदस्ती केली नाही, तो दुसऱ्याच्या पोरावर कशी करील?

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला. वय अवघं सत्तावीस. टिळक कुटुंबाने घरचंच माणूस गमावलं.

शेवटची वर्षं : देवाचा दरबार

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी टिळकांनी आणखी एक धाडस केलं. मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला गेले. तिथं त्यांनी देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. येशूवर ज्याचं प्रेम आहे त्याने यावं, शिक्का महत्त्वाचा नाही, भाऊपण महत्त्वाचं, असा त्यांचा विचार होता. चर्च म्हणजे परदेशी संस्थेची शाखा न राहता या मातीतलं कुटुंब व्हावं, ही त्यांची धडपड होती.

त्या वयात ठरलेला पगार सोडणं सोपं नव्हतं. घरात पैसा कधीच टिकला नव्हता. पण लक्ष्मीबाई सोबत होत्या. मिशनमधल्या सगळ्यांना हा विचार पटला नाही, तरीही त्यांच्यासाठी दारं बंद झाली नाहीत. 'ज्ञानोदय'चं काम त्यांच्याकडेच राहिलं. खरे मित्र मतभेद झाला म्हणून पाठ फिरवत नाहीत, हे इथं पुन्हा दिसलं.

प्रकृती मात्र साथ देईना. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. देवाचा दरबार त्यांच्या पश्चात फार टिकला नाही. पण त्यातला विचार वाया गेला नाही. पुढे रेव्हरंड जे. सी. विन्स्लो या इंग्रज पाळकाने टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याच विन्स्लोंनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ सुरू केला आणि त्यात भारतीय व युरोपियन लोक बरोबरीने, एका घरात राहू लागले.

अर्धवट राहिलेलं काम बायकोने पुरं केलं

टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य लिहायला घेतलं होतं. अकराएक अध्याय झाले आणि काम थांबलं. त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि साठच्या वर अध्याय रचून पूर्ण केलं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने पतीचं काव्य पुढे न्यावं, याला काय म्हणावं!

मग त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. १९३४ पासून ते भागाभागाने छापून आलं. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात कुठंही रडगाणं नाही. नवऱ्याचे गुण आहेत तसे दोषही आहेत. भुकेचे दिवस आहेत, भांडणं आहेत आणि खळखळून हसवणारे प्रसंगही आहेत. भाषा तर अशी की ओट्यावर बसून आजी गोष्ट सांगते आहे असं वाटावं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. आजच्या वाचकाला टिळक जिवंत माणसासारखे दिसतात, ते या पुस्तकामुळेच.

आजच्या माणसाने यातून काय घ्यायचं?

टिळकांची श्रद्धा कोणाला पटो न पटो, तो ज्याचा त्याचा भाग आहे. पण त्यांच्या आयुष्यातली माणसं ओळीने मोजून पाहण्यासारखी आहेत. आईने भक्तीची गोडी लावली, लेलेशास्त्र्यांनी भाषा दिली. आगगाडीतल्या अनोळखी माणसाने पुस्तक दिलं आणि बाबा पद्मनजींच्या लेखणीने धीर दिला. अ‍ॅबट यांनी हात धरला, ह्यूम यांनी काम दिलं आणि मोकळीकही दिली. लक्ष्मीबाईंनी आयुष्यभराची साथ दिली. यातलं एकेक माणूस वजा केलं, तर टिळक कुठंतरी भटकत विस्मरणात गेले असते.

आज गावात मंडळ असो, चर्चची संगत असो, भजनी मंडळ असो की बचत गट, माणसं जमतात पण एकमेकांच्या अडचणीला उभी राहतात का, हा खरा प्रश्न आहे. मोबाईलमध्ये शेकडो नंबर असतात. रात्री-बेरात्री फोन केला तर धावून येणारे त्यात किती? घर सोडून आलेल्या, कर्जात बुडालेल्या, आजारपणाने खचलेल्या माणसाला दोन वडीलधारी माणसं भेटली तर तो सावरतो. नाही भेटली तर काय होतं, हे आपल्या खेड्यापाड्यांनी पुष्कळदा पाहिलंय.

आधार देण्याची रीतही टिळकांच्या चरित्रात सापडते. बांधून ठेवायचं नाही, आपल्या साच्यात घालायचं नाही, चुकलं तर तोंडावर सांगायचं आणि मतभेद झाला तरी दार उघडं ठेवायचं. टिळकांना जे मिळालं ते त्यांनी ठोमऱ्यांना दिलं. म्हणूनच मराठीला बालकवी मिळाले.

नगर-मनमाड रस्त्याने राहुरीवरून रोज हजारो माणसं जातात. पुढच्या वेळी तिथून जाताना एवढं आठवावं, की सव्वाशे वर्षांपूर्वी, पोटाला अन्न नसलेल्या दुष्काळाच्या काळात, इथं एक मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला होता. आणि गावच्या वाचनालयात 'स्मृतिचित्रे' असेल तर जरूर वाचावं. नसेल तर मागवून घ्यावं, घरातल्या पोरांनाही वाचायला द्यावं.